एवढं एकच येत नाही लालीबाईला

यवतमाळ जिल्ह्यात कोणाला सांगितलं की इथं एक बाई शिडाच्या होडीत राहते, तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग हळूच, आपण प्यायलो तर नाही ना, ते हुंगतो. त्याचंही काही चूक नाही. समुद्र इथून इतका लांब की बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर यांत हयात काढणारी माणसं. त्यांच्या लेखी पाणी विहिरीत असतं, नाहीतर नसतं. पण ढाणकीच्या बाजारात फाटकी ताडपत्री घेऊन उभे राहिलात तर कोणीही सांगेल, ‘धरणावरच्या बाईकडे द्या, तिनं जोडलेली जागा पुन्हा फाटत नाही.’ धरणाच्या फुगवट्यावर, जिथं पाणी जमिनीत बोटासारखं आत घुसलंय, तिथं पांढरी होडी नांगरावर उभी असते. तिच्यावर लुगडं वाळत असतं. ती लालीबाईची होडी. लालीबाई भीमसिंग आडे, साठीला टेकलेली बंजारा बाई.

हा उद्योग मुळात तिच्या नवऱ्याचा. भीमसिंग तरुणपणी तांड्यातल्या टोळीबरोबर कोकणात रस्त्याच्या कामाला गेला आणि तिथून होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात चिकटला. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे काम. तिथं पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर यायचे. त्यांची मोठी शिडाची होडी होती आणि वर्षातले आठ महिने ते तिच्यातच राहायचे, मुंबईपासून कोचीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडत. त्यांना भांडी घासायला माणूस हवा होता. भीमसिंग भांडी घासायला चढला आणि शीड शिवणं, दोर गुंफणं, वाऱ्याचा रोख ओळखणं, इंजिन उघडून पुन्हा बसवणं, सगळं शिकून बसला. पावसाळ्यात होड्या पाण्याबाहेर काढतात, तेव्हा तो पेरणीला घरी यायचा. लालीबाईनं जयाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, अशी पावसाळ्यातल्या बापाच्या भरवशावर वाढवली.

डॉक्टर थकले, मोठी होडी विकली गेली. त्यांच्याकडे एक लहान होडीही होती. आत दोन माणसं निजतील, एक स्टोव्ह मावेल एवढी. ती त्यांनी भीमसिंगला देऊन टाकली. त्यांना वाटलं असेल, तो तिथंच किनाऱ्यावर विकून पैसे घेईल. यानं ती ट्रकवर चढवली आणि थेट तांड्यावर आणली! सगळा तांडा बघायला लोटला. लालीबाईच्या भावानं, खेमसिंगनं, होडीला एक फेरी मारली आणि मेहुण्याला अगदी गंभीरपणे विचारलं, “भाटवा, हे रस्त्यानं चालते का?”

तांडा आता रस्त्याच्या कडेला वसलाय. जुना तांडा आणि भीमसिंगच्या बापाचं शेत, दोन्ही धरणाखाली गेलं त्याला जमाना झाला. भीमसिंगनं होडी पाण्यात सोडली, जुन्या शेताची जागा अंदाजानं शोधली आणि बरोबर त्यावर नांगर टाकला. कोणी हसलं की म्हणायचा, “तुमी लोक शेतात घर बांधता ना? मायंबी घर माया शेतातच हाये. वर थोडं पाणी हाये, तेवढंच.”

लालीबाईला मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. पुनर्वसनात मिळालेलं चांगलं टिनाचं घर सोडून पाण्यावर राहायचं? तिनं रडून पाहिलं, माहेरी जाऊन पाहिलं. शेवटी ज्वारीच्या पिठाचा डबा डोक्यावर घेऊन काठावर आली आणि तिथूनच ओरडली, “घ्या बावा आता, बुडवा मले.” भीमसिंग तिला घ्यायला आला तो हातात नारिंगी जाकीट घेऊन, पाण्यात पडलं तरी माणूस तरंगावं म्हणून घालतात ते. ते तिच्या अंगावर चढवल्याशिवाय त्यानं तिला होडीत पाय ठेवू दिला नाही.

आणि मग ती शिकली. आधी उभं राहायला शिकली, कारण होडीत उभं राहणंही शिकावं लागतं. हलत्या स्टोव्हवर भाकरी भाजायला शिकली. पन्नाशी उलटल्यावर गुडघाभर पाण्यात हात मारत मारत पोहायला शिकली, तेव्हा काठावरच्या म्हशी राखणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. गाठी शिकली. शीड शिवायला बसली तेव्हा मात्र दोघांची जुंपली. बंजाऱ्याची लेक ती, सुई तिच्या हातात जन्मापासून. तिनं ठिगळाला असे बारीक, दाट टाके घातले की कांचळीवर, म्हणजे बंजारा चोळीवर, लावतात तो आरसाच लावायचा बाकी होता. भीमसिंगनं डोक्याला हात लावला.

“अव, हे काय कांचळी हाये का? जितके भोकं पाडशीन तितकं कापड कमजोर. टाका वाकडा घे, नागमोडी, ढिला. वारा भरला की त्याले ताणाले जागा पाह्यजे.”

“दिसन कसं?”

“कोण पाह्यते वर? बगळे?”

तिनं तोंड वाकडं केलं, पण टाका नागमोडी घेतला. पुढं हाच टाका ताडपत्रीला लावून तिनं बाजारात नाव काढलं. असे दिवस त्यांनी काढले आणि, म्हणायला हरकत नाही, सुखाचे काढले. उभ्या संसारात जो नवरा तिला चार महिन्यांच्या वर कधी मिळाला नव्हता, तो आता हाताच्या अंतरावर होता. होडी लहान असण्याचा हा एक फायदा.

मग भीमसिंगच्या पायांवर सूज येऊ लागली. दोन पावलं चढला की धाप. यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदय फुगलंय म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि जयाला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत आता, वर्षभर धरून चला. जया बोरी अरबला दिलेली. तिनं बापाला आपल्या घरी चला म्हणून विनवलं. तो म्हणाला, पाण्यावर बरा आहे. डॉक्टरांचं म्हणणं जयानं आईला तेवढं सांगितलं.

होडीवर परतल्यावर भीमसिंगनं शिकवण्याचा सपाटाच लावला. आतापर्यंत शिकवणं म्हणजे गंमत होती. आता त्याला घाई होती. त्याचं म्हणणं साधं होतं. “मी गेल्यावर तू भावाच्या दारात नाही बसणार. हे घर तुयं हाये. पण हे घर चालवता आलं पाह्यजे.” त्यानं तिला एकटीनं नांगर काढायला लावला, एकटीनं शीड चढवायला लावलं, सुकाणूचा दांडा पायानं धरून दोन्ही हात मोकळे ठेवायला लावलं. ती सगळं करत गेली. एकच गोष्ट राहिली: पाण्यात पडलेल्या माणसाकडे होडी परत आणायची.

ते काम असं असतं. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. माणूस पडला की होडी पुढं निघून जाते. मग आधी तरंगणारं काहीतरी त्याच्याकडे फेकायचं, त्याच्यावरची नजर हलू द्यायची नाही, थोडं पुढं जाऊन वाऱ्याच्या तोंडातून वळायचं आणि खालच्या अंगानं, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूनं, त्याच्याकडे यायचं. शिडाची दोरी हातात ताणलेली असते, तोवर होडी पळते. अगदी माणसापाशी आलं की दोरी सोडायची. शीड फडफडतं आणि होडी त्याच्या शेजारी येऊन उभी राहते. दोरी थोडी जरी लवकर सोडली तरी होडी अलीकडेच अडते आणि वारा तिला मागं ढकलत नेतो. सगळी गंमत त्या दोरीत.

सरावाला त्यानं तेलाची एक रिकामी प्लास्टिकची कॅन घेतली. “हे म्हणजे मी,” म्हणाला आणि कॅन पाण्यात भिरकावून ओरडला, “पडला!” लालीबाई वळली, आली, आणि दोरी लवकर सोडली. पहिल्यांदा ते खरोखर चुकलं होतं. भीमसिंग कॅनकडे बघत म्हणाला, “मारलंस मले. पुन्हा.”

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही चुकलंच, तेही खरं. चौथ्या दिवशी जवळजवळ जमलं. कॅन होडीला घासून गेली. भीमसिंग खूष होऊन तिथंच बसला, धाप टाकत हसला आणि सहज म्हणाला, “आलं तुले! आता एकदा साफ येऊ दे. हे आलं की मायं शिकवणं सरलं. मंग डोळे मिटले तरी चालन.”

झालं. माणसानं काय बोलावं आणि कोणासमोर बोलावं!

कारण लालीबाईचा बाप भगत होता. विंचू-साप उतरवायचा, लांबलांबून माणसं त्याच्याकडे यायची. त्याचा मंत्र त्यानं खेमसिंगला शिकवायला घेतला, पण शेवटची ओळ कितीतरी वर्षं हातची राखून ठेवली. खेमसिंग मागायचा, बाप म्हणायचा, थांब. तांड्यात लहान पोरालाही माहीत होतं, विद्या पुरती देऊन टाकली की देणारा रिकामा होतो. एका दिवाळीच्या अमावस्येला बापानं लेकाला नदीवर नेलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि ती ओळ दिली. होळीच्या आत बाप गेला. लालीबाई तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. तिच्या आईनं खेमसिंगच्या पाठीत गुद्दे घातले होते, कायले घेतली म्हणून. ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता कोणी शहाणा म्हणेल, बाई, कुठं सापाचा मंत्र आणि कुठं होडी वळवणं. म्हणा. ज्याच्या उशाशी मरण बसलंय त्याला हे सांगून पाहा. लालीबाईनं त्या दिवशी मनाशी ठरवलं, बाकी सगळं शिकेन, एवढं एक येऊ देणार नाही. जोवर हे येत नाही तोवर याचं शिकवणं सरत नाही, आणि शिकवणं सरल्याशिवाय हा माणूस जात नाही.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. ऊन उतरायला लागलं की भीमसिंग कॅन फेकायचा, “पडला!” लालीबाई छान वळायची, नजर हलू द्यायची नाही, अगदी बरोबर खालच्या अंगानं यायची आणि शेवटच्या घटकेला दोरी सोडून द्यायची. होडी अलीकडे अडायची. कॅन चार हातांवर डुलत राहायची.

“आजबी मारलंस मले.”

“नाई जमत बावा मले. बुढी झाली मी.”

“जमते. पुन्हा.”

तो चिडला नाही, हे सांगायला हवं. नवरे ज्या कारणांवरून चिडतात त्या मानानं ही केवढी गोष्ट! पण एकदाही चिडला नाही. धाप लागली की बसून शिकवायचा, उठवेनासं झालं की आडवा पडून शिकवायचा. कधी दोरीवर रंगानं खूण कर म्हणाला, कधी मनात गाणं म्हण, गाणं संपलं की सोड म्हणाला. ती गाणं म्हणायची आणि अर्ध्यात सोडायची. आसपास भोयांच्या डोंग्या जाळी टाकून असायच्या. त्यांच्या सोसायटीचा म्होरक्या नानाजी, धरणावरच म्हातारा झालेला माणूस, वल्ही थांबवून हा खेळ पाहत बसायचा आणि ओरडायचा, “भीमसिंग, त्या कॅनले लाज वाटाले लागली असन रे आता!”

डॉक्टरांनी दिलेलं वर्ष उलटलं. दुसरी होळी आली. पाय सुजायचे, उतरायचे, पुन्हा सुजायचे, पण भीमसिंग होता. यवतमाळच्या डॉक्टरांनीही तोंडात बोट घातलं. गोळ्या वेळेवर घेता वाटतं, म्हणाले. लालीबाई मान खाली घालून बसली. तिला माहीत होतं कशानं टिकलाय ते. एवढं मोठं गुपित पोटात घेऊन फिरणं सोपं नव्हतं. नवऱ्याला रोज खोटं दाखवायचं, तेही तो जीव तोडून शिकवत असताना. कधी कधी तिला त्याच्या तोंडाकडे पाहवत नसे.

एका दुपारी गोळीच्या गुंगीत तो आत गाढ झोपला होता. बाहेर वारा छान लागला होता. लालीबाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं आवाज न करता नांगर काढला, होडी मोकळ्या पाण्यात नेली, कॅन टाकली, वळली, आली आणि कॅन अलगद हातात उचलली. पहिल्याच फटक्यात. तिला क्षणभर इतका आनंद झाला की त्याला हाक मारणार होती. मग तिला बापाची शेवटची ओळ आठवली. कॅन तिथंच टाकून ती वाकून आत शिरली आणि त्याच्या नाकाशी हात धरून बसली. श्वास चालू होता. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला आणि पुन्हा कधी बरोबर करून पाहिलं नाही. रोज चुकत राहिली, आणि चुकण्यात तिचा हात चांगलाच बसला.

मार्गशीर्षातली सकाळ होती. कापसाच्या गाड्यांचे दिवस, ताडपत्र्यांचा ढीग शिवून तयार होता. तो पलीकडच्या काठाला उतरवायचा आणि तिथून ऑटोनं बाजाराला न्यायचा, असं ठरलं. उत्तरेचा बोचरा वारा जोरात होता. मध्यावर गेल्यावर पुढच्या लहान शिडाची दोरी कशाला तरी अडकली आणि शीड फाडफाड वाजू लागलं.

“मी जाते,” लालीबाई म्हणाली.

“तू दांडा सोडू नको,” म्हणत भीमसिंग पुढं सरकला. त्याच्या अंगात जाकीट नव्हतं. बायकोला ते घातल्याशिवाय हलू न देणारा माणूस स्वतःचं जाकीट उशाला घेऊन झोपायचा. शिकवणारे असेच असतात, काय बोलावं त्यांना. त्यानं वाकून दोरी सोडवली, उठून उभा राहिला, त्याला घेरी आली की होडी उसळली कोण जाणे, आणि तो पडला. मोठा आवाजही झाला नाही.

लालीबाईनं कॅन फेकली. ती वाऱ्यावर लांब गेली, त्याच्या हाताला लागली नाही. तिनं नजर हलू दिली नाही. पुढं गेली, वळली. तिच्या तोंडून सेवालाल महाराजांचं नाव चाललं होतं, पण हात शांत होते. हातांना काम माहीत होतं. खालच्या अंगानं ती सरळ त्याच्याकडे आली. भीमसिंग पाण्यात उभा हात मारत होता, तोंड वर, तिच्याकडेच पाहत. ती आली, जवळ आली, आणि तिच्या हातानं दोरी सोडली.

तिनं सोडली नाही. हातानं सोडली. दोन वर्षं रोज ज्या जागी सोडत आला होता, तिथंच. शीड फडफडलं, होडी अडली. चार हातांवर तिचा नवरा होता आणि वारा तिला मागं ढकलत होता. तिनं वाकून हात लांब केला, तो पुरला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग भीमसिंगनं तोंडातलं पाणी थुंकलं आणि रोज ज्या आवाजात म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, “पुन्हा.”

दुसऱ्या वेळी तिनं दोरीचे वेढे मनगटाभोवती घेतले, म्हणजे हातानं सोडायची म्हटली तरी सुटणार नाही. कातडी सोलून निघाली. या वेळी होडी बरोबर त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याचा खांदा होडीच्या अंगाला लागला. पण त्याचं तोंड पाण्यात होतं.

त्यानंच शिकवलेली गाठ मारून तिनं त्याच्या काखेतून दोर घातला आणि त्याला होडीला बांधून काठाला आणलं. नानाजी जाळं वाळत घालत होता. तो धावत आला, त्यानं आणि दोन भोयांनी भीमसिंगला वर ओढलं, उताणा-पालथा केला, छाती दाबली. नानाजी शेवटी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नुसती मान हलवली. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयच बंद पडलं असेल. पडायच्या आधी की नंतर, कोण सांगणार. जयाला त्यानं थोडा आधार वाटला. लालीबाईला वाटायचं कारण नव्हतं. तिनं त्याचं शेवटचं बोलणं ऐकलं होतं.

बाराव्याला तांड्यात माणसं जमली. लालीबाई भिंतीला टेकून बसली होती, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. भोयांच्या बाजूनं नानाजी आला होता. जेवणं झाल्यावर माणसं बोलतात तसं बोलणं निघालं, आणि कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की बाईला होडी वेळेवर वळवता आली असती तर.

नानाजीला ते सोसलं नाही. भला माणूस, बाईवर बोल येऊ नये म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, “बाईचा काय दोष बाप्पा? दोन वर्ष मी माया डोळ्यानं पाह्यलं. रोज ते कॅन फेके आन् रोज हे चुके. शिकवणाराच कच्चा. भीमसिंगले सोताले लय येत होतं, पण दुसऱ्याले शिकवता येत नोतं. आता मेल्या माणसाले कायले नाव ठेवा, पण खरं ते खरं.”

माणसांनी माना हलवल्या. जया आईजवळ बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मनात बापाबद्दलचं कितीतरी जुनं साचलेलं. ती म्हणाली, “बा घरी राह्यला कवा? शिकवाले धीर लागते. तो त्याच्यापाशी नोता.”

लालीबाईनं मान वर केली. तिला लोक काहीही म्हणाले असते तरी ती गप्प बसली असती. बुढी येडी, पांढऱ्या पायाची, काय वाटेल ते. हे मात्र तिला ऐकवलं नाही.

“त्यायनं शिकवलं होतं,” ती म्हणाली. “मले येत होतं.”

खेमसिंगनं बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. “हाव, बाई, हाव,” नानाजी समजुतीनं म्हणाला. त्या ‘हाव’मध्ये एवढी कीव होती की लालीबाई उठलीच. जयाचा हात धरला, नानाजीला म्हणाली, “चाला.” बाराव्याच्या दिवशी बाईनं असं उठून जाऊ नये, कोणी तसं म्हणालंही, पण ती काठापर्यंत थांबली नाही.

होडी काठाशीच नांगरावर होती. दोघांना तिनं आत बसवलं, शीड चढवलं, नांगर काढला. मोकळ्या पाण्यात आल्यावर तिनं नानाजीच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि पाण्यात फेकली.

“अव बाई!” नानाजी ओरडला.

टोपी मागं पडली. लालीबाई तिच्यावरची नजर न हलवता पुढं गेली, वळली, खालच्या अंगानं आली. दोरी तिच्या मुठीत घट्ट होती. अगदी टोपीपाशी आल्यावर तिनं ती सोडली, होडी उभी राहिली, आणि तिनं वाकून दोन बोटांनी टोपी उचलून नानाजीच्या मांडीवर ठेवली. त्या टोपीतून पाणी गळत राहिलं. नानाजीनं ती डोक्यावर घातली नाही. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला आपण काय पाहिलं ते सांगावं लागत नाही.

जयाला मात्र वेळ लागला. तिनं आईला बंजारा बोलीतली हाक मारली. “याडी,” ती म्हणाली, “तुले येते तं मंग त्या दिवशी?”

लालीबाईनं सगळं सांगितलं. बापाची शेवटची ओळ, भीमसिंगचं ते सहज बोलणं, रोजची कॅन, हाताला लागलेली सवय, आणि ‘पुन्हा’ म्हणालेला तेही. रडत सांगितलं नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं. होडी मोकळी वाऱ्यावर सरकत होती, तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

जयानं नानाजीकडे पाहिलं आणि हात जोडले. “काका, हे इथंच राहू द्या. याडी, तूबी कोणाले सांगू नको. तांड्यात जगू देणार नाईत तुले लोक. म्हणतीन, इनंच मारलं.”

“म्हणू दे.”

“याडी!”

“मी सांगन,” लालीबाई म्हणाली. “तांड्यात सांगन, बाजारात सांगन. इनं मारलं म्हणतीन, तं ते खोटं नाई.” तिनं सुकाणूचा दांडा धरला आणि होडी काठाकडे वळवली. मग उभ्या जन्मात जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं, नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं. “पण भीमसिंगले शिकवता येत नोतं, असं या पाण्यावर कोणी म्हणाचं नाई.”